दोराला हात लावेल त्याचा वाटा

दोर ओला होता, वाळूने खरखरीत झालेला. पुढे उभ्या असलेल्या माणसाने मागे न बघताच तो माझ्याकडे सरकवला. मी चपला काढून बाजूला टाकल्या, पाय वाळूत रोवले आणि दोर धरला. तळव्यांना तो लगेच ओळखू आला. आठ-नऊ वर्षांची असताना मालवणच्या दांडी किनाऱ्यावर मी हाच दोर ओढलेला होता. फक्त समोरचा समुद्र तेव्हा अरबी होता आणि आता कॅरिबियन.

ही २००९ सालची गोष्ट. गावाचं नाव कास्टारा, बेट टोबॅगो. लग्नाला दहा वर्षं झाली होती. आई सहा महिन्यांसाठी आमच्याकडे, न्यू जर्सीतल्या एडिसनला आली होती, तिच्याकडे लेकीला सोपवून आम्ही दोघंच आठवडाभरासाठी निघालो होतो. टोबॅगो सुचवलं ते नवऱ्याच्या ऑफिसातल्या एका त्रिनिदादी सहकाऱ्याने. त्याचे पणजोबा भारतातून ऊसमळ्यांवर करारावर आलेले. १८४५च्या मे महिन्यात पहिलं जहाज त्रिनिदादला लागलं आणि पुढची सत्तर-बहात्तर वर्षं अशी माणसं येतच राहिली, त्यांतले एक. तो म्हणाला, "त्रिनिदादमध्ये आम्ही काम करतो. थकलो की टोबॅगोला जातो." एवढ्या एका वाक्यावर आम्ही तिकिटं काढली.

ज्यांनी रापण पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. होडी किनाऱ्यावरून निघते, जाळं सोडत सोडत पाण्यात अर्धवर्तुळ घेते आणि थोड्या अंतरावर परत किनाऱ्याला लागते. दोराची दोन्ही टोकं वाळूवर, जाळ्याचं पोट पाण्यात. मग दोन्हीकडून माणसं ओढायला लागतात, तासभर, कधी दोन तास. मागे मागे चालत ओढायचं. शेवटचा माणूस वाळू संपली की दोर सोडून पुन्हा पाण्याच्या कडेला जातो आणि नव्याने धरतो. माझे वडील शाळामास्तर. आमची होडी नव्हती की जाळं नव्हतं, रापणीच्या भागीदारांत आमचं नाव असण्याचा प्रश्नच नव्हता. पण दोराला हात लावलेल्या पोराला रिकाम्या हाताने घरी पाठवायचं नाही, हा तिथला रिवाज. फ्रॉकच्या घेरात दोन-चार बांगडे, मूठभर तारल्या घेऊन मी घरी पळायची आणि आई ओरडायची ती फ्रॉकवरून, मासळीवरून कधीच नाही. पुढे ट्रॉलर आले, मग थवाच्या थवा वेढून उचलणारी पर्ससीन जाळी, मग रात्रीचा दिवस करणारे एलईडी दिवे. किनाऱ्याला येणारी मासळी बाहेरच्या बाहेर उचलली जायला लागली. रापण अजून लागते, पण शेवटची पाटी भरण्याआधीच वाटे संपतात, असं गावी गेलं की ऐकायला मिळतं.

आणि इथे, न्यूयॉर्कहून पाच तासांचं एक आणि त्रिनिदादहून जेमतेम पंचवीस मिनिटांचं दुसरं विमान घेऊन आल्यावर, डोंगरातून वळणं घेत उतरणाऱ्या रस्त्याच्या टोकाला, तेच. एक म्हातारा वर उंचावर बसून पाण्याकडे बघत होता. मासळीच्या थव्याने पाणी काळवंडलं की तो हाक देणार. होडीला इथे पिरोग म्हणतात. जाळं टाकून झालं, भेंडं पाण्यावर तरंगायला लागली, वर पेलिकन घिरट्या घालायला लागले आणि आजूबाजूची माणसं, दुकानातली पोरं, शाळेतून परतणारी मुलं एकेक करून दोराला लागली. शेवटी जाळ्याचं पोट वाळूवर आलं तेव्हा त्यात चांदीसारखे छोटे जॅक्स उसळत होते. मला एका प्लास्टिकच्या पिशवीत आठ मिळाले. "तू ओढलंस," देणारा म्हणाला. त्याला त्यात सांगण्यासारखं काही वाटत नव्हतं. मला मात्र तिथे वाळूत बसून रडू आलं.

नवरा तेव्हा माझ्या चपला हातात धरून उभा होता. तो वर्ध्याचा. समुद्र पहिल्यांदा पाहिला तो तेविसाव्या वर्षी, नोकरीसाठी मुंबईला आला तेव्हा. घरात तुळशीची माळ, अंडंसुद्धा उंबऱ्याच्या आत आलं नव्हतं. तो माझ्याकडे बघत विचारत होता, "काऊन रडून राहिली? लागलं का?"

तेव्हापासून हे बेट आमचं झालं. २०१४ला लग्नाच्या पंधराव्या वाढदिवसाला पुन्हा गेलो. २०२०च्या मे महिन्याची तिकिटं काढून ठेवली होती, पण मार्चमध्ये त्रिनिदाद-टोबॅगोने सीमा बंद केल्या त्या थेट २०२१च्या जुलैत उघडल्या. म्हणून मग २०२४, पंचविसावं वर्ष. लेक आता कॉलेजात. तिने विचारलंच, "एवढं जग पडलंय आणि तुम्ही परत तिथेच?" मी म्हटलं, माहेरी जाताना कोणी विचारतं का, परत तिथेच?

यावेळी जाताना मनात धाकधूक होती. त्या वर्षी ७ फेब्रुवारीला टोबॅगोच्या दक्षिण किनाऱ्याजवळ एक जहाज उलटलेलं सापडलं. आत माणूस कोणी नव्हता, पण तेल होतं. ते पसरत पसरत पंधरा-एक किलोमीटर किनारा काळा करून गेलं. ऐन कार्निव्हलच्या दिवसांत तिथली माणसं रबरी बूट घालून फावड्याने तेल उपसत होती. मी रोज सकाळी फोनवर त्या बातम्या बघायची. कास्टारा दुसऱ्या बाजूला, उत्तरेकडच्या किनाऱ्यावर आहे, तिथे तेल पोचलं नाही. तरी जिवाला घोर होता, कारण पाण्याला कुंपण नसतं हे किनाऱ्यावर वाढलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. पोचल्या पोचल्या मी आधी वाळूपर्यंत जाऊन आले. पाणी स्वच्छ होतं. मग बॅगा उतरवल्या.

बेट केवढं, तर लांबीला ४१ किलोमीटर आणि रुंदीला जेमतेम दहा. एवढ्याशा जमिनीसाठी डच, फ्रेंच, इंग्रज आणि अगदी आजच्या लाटव्हियातले कूरलँडर इतके भांडले की बेटाने तीसहून अधिक वेळा मालक बदलले. आज तिथे राहणारे बहुतेक सगळे त्या मालकांनी आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या माणसांचे वंशज. त्रिनिदादला जसे जागोजागी आपल्यासारखे चेहरे दिसतात तसं इथे नाही. आपल्याकडून आलंय ते जेवण. करी इथे सगळ्यांची आहे. स्टोअर बेच्या टपऱ्यांवर खेकड्याचा रस्सा आणि कणकेचे डम्पलिंग मिळतात, मी बोटं चाटून खाते. नवऱ्यासाठी सकाळी डबल्स, म्हणजे दोन मऊ तळलेले बारा आणि मधे चण्याची उसळ. बारा हा शब्द आपल्या वड्याचाच भाऊ. आणि कलालू. गेस्टहाउसच्या मालकीणबाई, सत्तरीच्या, त्याच्यासाठी मुद्दाम खेकडा न घालता करतात. डॅशीनची पानं, भेंडी, नारळाचं दूध, एकत्र शिजवून घोटलेलं. डॅशीन म्हणजे अळू. पहिल्या वेळी त्याने एक घास घेतला, थांबला आणि म्हणाला, "बाप्पा, ही तर चमकुऱ्याची पातळ भाजी!" त्यानंतर बाईंनी त्याला दुसरं काही विचारलंच नाही. गेल्या गेल्या ताटात कलालू.

इथे रात्री कोणाच्या दारात गेलं की आधी "गुड नाइट" म्हणायचं. निरोप घेताना नव्हे, आल्या आल्या. आपल्या रामरामसारखं. ते न म्हणता सरळ पावाची किंमत विचारली तर समोरचा माणूस उत्तर देतो, पण चेहरा मिटतो. मला ही रीत फार आवडते. न्यू जर्सीत परतल्यावर आठवडाभर माझ्या तोंडून ते जातं आणि दुकानदार गोंधळतात.

जंगलाबद्दल सांगायलाच हवं. बेटाच्या पाठीच्या कण्यावर मेन रिज नावाचं रान आहे, ते १३ एप्रिल १७७६ रोजी कायद्याने राखीव झालं. शिकारीसाठी किंवा लाकडासाठी नव्हे, पावसासाठी. झाडं गेली तर ढग अडणार नाहीत आणि ऊस पिकणार नाही, असं लंडनमधल्या सोम जेनिन्स नावाच्या खासदाराने अकरा वर्षं पाठपुरावा करून पटवून दिलं. स्वार्थ उसाचाच होता, आणि तो ऊस कोणाच्या पाठीवरच्या वळांवर उभा होता हेही विसरून चालत नाही. पण रान राहिलं. १९६३च्या सप्टेंबरअखेर फ्लोरा वादळाने त्यातली बहुतेक झाडं झोपवली, पांढऱ्या शेपटीचा एक हमिंगबर्ड या बेटावरून संपला असंच धरून चालले होते. १९७४ला तो पुन्हा दिसला. आम्हाला तो गिल्पिन ट्रेसच्या चिखलवाटेवर दिसला. एका फांदीवर, एवढासा, गळा जांभळा-निळा, आणि पावसाचे थेंब झटकत बसलेला. आम्ही दोघं एकमेकांच्या दंडाला धरून उभे, हलायची सोय नाही. वाटाड्या म्हणाला, तो इथलाच आहे, घाई करू नका. आम्ही भिजलो, पण तो उडेपर्यंत हललो नाही.

कासवंही पाहिली, मे महिना त्यांचाच. रात्री लाल दिव्याच्या उजेडात लेदरबॅक मादी मागच्या पायाने खड्डा उकरत होती. वाळूचा एकेक ओंजळभर गोळा ती इतक्या हलकेच बाहेर ठेवत होती, जशी पुरणपोळी उलटतात. याहून जास्त मला त्याबद्दल लिहिता येणार नाही.

पण मला सांगायचंय ते प्लिमथच्या दगडाबद्दल.

प्लिमथ हे कास्टाऱ्याच्या वाटेवरचं गाव. जुना किल्ला आहे, तोफा आहेत. त्याच्याजवळ एक थडगं आहे, पर्यटक येतात, फोटो काढतात, जातात. आम्ही दोनदा तिथून पुढे गेलो होतो, थांबलो नव्हतो. यावेळी गाडीत पाणी संपलं म्हणून थांबलो. थडग्यावर लिहिलंय की या भिंतींच्या आत बेटी स्टिव्हन आणि तिचं बाळ यांना ठेवलं आहे. २५ नोव्हेंबर १७८३ रोजी, वयाच्या तेविसाव्या वर्षी ती गेली. नवरा आयुष्यभर तिच्या जाण्याचा शोक करत राहील. आणि पुढे जे लिहिलंय त्यासाठी लोक येतात: तिच्याबद्दल विशेष म्हणजे, ती आई झाली आणि तिला ते कळलं नाही, आणि ती पत्नी होती पण तिने ते नवऱ्याला कळू दिलं नाही, तिने त्याचे जे लाड केले त्यातून कळलं तेवढंच.

त्याच वर्षी इंग्रजांनी हे बेट तहात फ्रेंचांना देऊन टाकलं होतं. राज्य बदलत होतं आणि हा माणूस दगडावर ही ओळ कोरून घेत होता.

गावातल्या लोकांकडे या कोड्याची चार उत्तरं आहेत. कोणी म्हणतं ती बाळंतपणात बेशुद्धीत गेली. कोणी म्हणतं ती त्याची गुलाम होती आणि लग्न उघड नव्हतं. नवऱ्याने ते सगळं मोठ्याने वाचलं, मग थांबला. वळून माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा दगडाकडे बघायला लागला. आम्हाला दोघांना काय आठवलं ते बोलायची गरज नव्हती.

२००१चा जानेवारी. एडिसनला येऊन सहा महिने झाले होते. पोटात कळ येत होती म्हणून दवाखान्यात गेले, तेव्हा कळलं की मला दिवस गेले होते आणि आता नव्हते. दोन्ही गोष्टी एकाच वाक्यात कळल्या. ज्याची मी वाट बघितली नव्हती, ज्याचं नाव ठेवलं नव्हतं, त्याच्यासाठी कसं रडायचं हे मला कळत नव्हतं. लोक म्हणाले, अजून लवकर होतं, होतं असं, पुन्हा होईल. झालीही पुढे, २००३ला लेक झाली. पण त्या जानेवारीत मी जेवायची थांबले. बाहेर गुडघाभर बर्फ, घरात हीटरचा आवाज, आणि मी गादीवर भिंतीकडे तोंड करून.

एका शनिवारी स्वयंपाकघरातून वास आला. मला वाटलं मला भास होतोय. उठून दारापर्यंत गेले. हा सिंकपाशी उभा, कानाला खांद्याने फोन धरलेला, सिंकच्या कडेला खरवडलेलं कॉलिंग कार्ड, हातात सुरी आणि समोर गोठवलेले चार बांगडे. ज्याच्या घरी अंडं शिजलं नव्हतं तो. पलीकडे मालवणात रात्रीचे दहा वाजले असतील. माझी आई ओरडून सांगत होती, मला दारातून ऐकू येत होतं: "आदी कल्ले काडा. मगे पोट. पोटातला सगळा काडून दोनदा धुवा. तिरफळां नसली तर ऱ्हवांदे." त्याचा चेहरा ओढलेला होता, नाकाने श्वास घेणं त्याने थांबवलं होतं, पण हात चालू होता. तो प्रत्येक पायरीनंतर फोनमध्ये "हो" म्हणत होता, जसा शाळेत हजेरी देतो.

बांगड्याचं तिखलं खारट झालं होतं. मी दोन वाट्या भात खाल्ला. तो समोर बसून वरण-भात खात होता. मासे कुठून आणले, किती चालून आणले, घाण वाटली का, यातलं काही तो बोलला नाही. मी विचारलं नाही. पुढच्या शनिवारीही त्याने आणले. त्याने आजपर्यंत माशाचा तुकडा तोंडात घातलेला नाही, आणि आमच्या घरात आजपर्यंत मासे मी साफ केलेले नाहीत.

त्या दगडाजवळ मला वाटलं की स्टिव्हननं ते वाक्य कोडं म्हणून लिहिलं नसणार. त्याला बाकी काही सांगता येत नव्हतं. तिने केलेल्या कुठल्या तरी बारीक गोष्टी त्याच्याकडे उरल्या होत्या, कपडे वाळत घालताना त्याचे वेगळे घालणं किंवा असंच काही, आणि ती गेल्यावर त्याने त्यांची बेरीज केली असणार. दोनशे चाळीस वर्षं लोक त्या बेरजेपुढे उभं राहून बाईचं रहस्य शोधतायत. मला तर ते घरोघरचं वाटलं. फक्त बहुतेक घरांत ती बेरीज करायला कोणीतरी जायची वेळ यावी लागते. मला त्या उन्हात एकदम भीती वाटली आणि मी त्याचा हात धरला. त्यानेही धरला. नंतर पाण्याच्या बाटल्या घेऊन आम्ही गाडीत बसलो.

दुसऱ्या दिवशी लग्नाचा वाढदिवस. सकाळी वाळूवरच्या मातीच्या भट्टीतला नारळाचा पाव आणि ज्युली आंबा खाल्ला. ज्युली छोटा, चपटा, गोड. हापूस तो हापूसच, पण मे महिन्यात आंबा मिळाला हेच खूप. दुपारी चारच्या सुमाराला वरून हाक आली. पिरोग आधीच पाण्यात होता. मी उठले, सवयीने चपला काढून नवऱ्याकडे दिल्या.

त्याने त्या घेतल्या, वाळूवर नीट जोडीने ठेवल्या, शेजारी स्वतःच्या ठेवल्या आणि पँट दुमडून दोराशी आला.

"तुला काय झालं?" मी म्हटलं.

"काही नाही. पाहून राहिलो दोन वेळा. आता ओढतो."

माझ्या पुढे तो. पन्नाशी ओलांडलेली त्याची पाठ, शर्ट घामाने चिकटलेला. पहिल्या पाच मिनिटांत त्याने दोर चुकीचा, मुठी आवळून धरला. मागून मी सांगितलं, मनगटाने नको, कंबरेने ओढ, अंग मागे टाक. शेजारचा मुलगा हसला आणि त्यानेही हाताने दाखवलं. मग याला लय सापडली. शेवटाला पोचलो की दोघं दोर सोडून एकत्र पाण्याकडे चालत जायचो आणि पुन्हा धरायचो. तासाभरात त्याच्या तळव्याला फोड आला, तो त्याने मला रात्री दाखवला.

जाळं फार भरलं नव्हतं. मोठे मासे विकायला वेगळे झाले, उरलेले वाटायला घेतले. वाटणारा माणूस माझ्यासमोर आला, पिशवीत सहा जॅक्स टाकले. मग याच्यासमोर थांबला आणि दुसऱ्या पिशवीत सहा टाकले. मी सांगणार होते की हा खात नाही, एकच पिशवी पुरे. पण नवऱ्याने दोन्ही हात पुढे केले होते. त्याने पिशवी घेतली आणि म्हणाला, "थँक यू." आयुष्यातला त्याचा पहिला वाटा.

संध्याकाळी मालकीणबाईंनी मागच्या अंगणातलं सिंक मोकळं करून दिलं, एक लिंबू आणि शॅडो बेनीची चार पानं आणून ठेवली. तिखट, उग्र, कोथिंबिरीसारखीच पण दांडगी. त्यांनी माझ्याकडे सुरी दिली. मी ती त्याच्याकडे दिली. बाईंनी भुवया उंचावल्या आणि खुर्ची ओढून बघायला बसल्या.

आई जाऊन सात वर्षं झाली. अंगणात अंधार पडायला लागला होता, खाली समुद्राचा आवाज, वर एकच बल्ब आणि त्याभोवती किडे. त्याने पहिला मासा उचलला, शेपटीकडून डोक्याकडे सुरी उलटी फिरवून खवले काढले. फोड आलेल्या हाताने त्याला नीट धरता येत नव्हतं, म्हणून त्याने सुरी डाव्या हातात घेतली. आणि मग स्वतःशीच, वर्ध्याच्या उच्चारात, माझ्या आईचं बोलणं पुटपुटायला लागला:

"आदी कल्ले. मगे पोट. दोनदा धुवा."